उलटा घाली देख

धुळ्याला पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात शिरलं, की एका गल्लीच्या तोंडाशी योगराज पाटलाचं दुकान लागतं. पुढं मोबाइल आणि हेडफोनची दुरुस्ती, मागं पडद्याआड अंड्यांचे पुठ्ठे भिंतींना ठोकून केलेली गाण्याची खोली. दुकान पोटासाठी आणि खोली जिवासाठी, असं तो सांगतो. खरं म्हणजे गेली काही वर्षं खोलीच दुकानाला पोसते आहे. वरातींत वाजणारी निम्मी अहिराणी गाणी आपल्या खोलीतून बाहेर पडतात, ही त्याची बढाई. निम्मी नसतील. पण पाव हिस्सा म्हटलं तर रतिलालसुद्धा मान डोलावेल, आणि डीजेच्या गाडीचा मालक रतिलाल कुणाचं कौतुक सुखासुखी करत नाही.

योगराज स्वतः गात नाही आणि वाजवतही नाही. गाणारा गातो, वाजवणारा वाजवतो, आणि मग योगराज कानावर हेडफोन चढवून त्या गोंधळातून गाणं वर काढतो. ढोल किती ठेवायचा, सनई कुठल्या बाजूला बसवायची, बाईचा आवाज किती पुढं आणायचा, हे सगळं त्याच्या कानावर. शिंदखेड्यापासून पारोळ्यापर्यंत नवं गाणं झालं की लोक पहिलं विचारतात, "योगूभाऊनी ऐकं का?" त्यानं ऐकलं असेल तर गाणं पक्कं. माणसाची अब्रू कशात असते ते सांगता येत नाही. याची दोन कानांत होती.

दुकानात रोज कोणी ना कोणी हेडफोन घेऊन यायचा. "भाऊ, नवा शे, पन एका बाजूना आवाज कमी येस." योगराज वर न बघता सांगायचा. आधी जाळी कोरड्या ब्रशनं साफ कर, मळ बसतो. मग मोबाइलच्या सेटिंगमध्ये डाव्या-उजव्याची पट्टी मधोमध आहे का बघ, पोरंटोरं सरकवून ठेवतात. पिन नीट आत गेली का बघ. दुसऱ्या मोबाइलला लावून बघ. आणि एवढं करूनही नाहीच जमलं, तर "उलटा घाली देख." म्हणजे डावी वाटी उजव्या कानावर आणि उजवी डाव्यावर. कमी आवाज दुसऱ्या कानात गेला तर दोष हेडफोनचा. "आनी तठेच ऱ्हायना तर?" असं कुणी विचारलंच, तर योगराज हसून म्हणायचा, "मंग मनाकडे येऊ नको, डॉक्टरकडे जाय." गिऱ्हाईकही हसायचं. हा विनोद त्यानं इतक्यांदा केला होता की त्यात काही अर्थ आहे हे तोच विसरून गेला होता.

खरं तर त्यानं तरी विसरायला नको होतं. त्याचे वडील, उखर्डू आबा, दोंडाईच्याला जिनिंगमध्ये कामाला होते. सरकी काढणाऱ्या यंत्रांशेजारी उभं राहून जन्म गेला. आबांचा आधी डावा कान गेला. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. जिनिंगमधले सगळेच थोडे बहिरे असायचे. काही वर्षांनी उजवाही गेला. मग म्हातारा ओसरीवर बसून राहायचा, कुणी हसलं की आपणही हसायचा, आणि सगळे गप्प झाले तरी त्याचं हसू चालूच असायचं. योगराजला त्या हसण्याची लहानपणी लाज वाटे आणि मोठेपणी भीती. आई, भिकुबाई, एक कान शाबूत होता तोवर आबांच्या उजव्या हाताला चाले, उजव्या हाताला बसे. तोही गेल्यावर ती त्यांच्या खांद्याला हात लावून बोलू लागली.

यंदा लग्नसराई जोरात होती. रतिलालच्या गाडीवर नवी गाणी लावून बघायला योगराज जातीनं उभा राहायचा, भोंग्यांच्या ऐन तोंडाशी. कानांत शिट्टी वाजायची आणि सकाळपर्यंत थांबायची. एकदा सकाळ झाली तरी डाव्या कानातली शिट्टी थांबली नाही. कानाला दडे बसल्यासारखं झालं होतं. उन्हाचं झालं असेल, म्हणून तो कामाला लागला. जुन्या हेडफोनची डावी बाजू बसलेली वाटली. तो तसाही झिजलाच होता, म्हणून त्यानं चांगला, भारीतला नवा मागवला.

नवा आला. खोक्यातून काढला, कानांवर चढवला, आणि डावी बाजू कमी.

जाळी तर नवीकोरीच होती, तरी त्यानं ब्रश फिरवला. सेटिंगची पट्टी मधोमध होती. पिन काढून पुन्हा घातली. मोबाइल बदलला, मग मशीन बदललं. फरक शून्य. आता एकच गोष्ट करायची उरली होती आणि ती करायला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. योगराजनं हेडफोन काढून हातात धरला. वाट्यांवर डावी-उजवीची अक्षरं होती ती बघितली. मग हेडफोन खोक्यात भरला आणि कंपनीला परत पाठवला. अक्कल नव्हती म्हणून नव्हे. दुसऱ्यांना सांगून सांगून जी गोष्ट त्याच्या जिभेला पाठ होती, ती करायचं त्याला भय वाटलं. समोर चहावाला उभा होता, त्याच्या कानावर चढवून "देख रे" म्हटलं असतं तरी निकाल लागला असता. तेही त्यानं केलं नाही.

बदली हेडफोन यायची तो वाट बघत राहिला. कान मात्र वाट बघत नव्हता. शिट्टीचा आवाज आता दळणाच्या चक्कीसारखा एकसुरी झाला होता.

जेवताना भिकुबाई त्याच्याकडं बघत राहायची. बायको मोहिनी भाकरी वाढताना काही विचारायची आणि योगराज मान वळवून, उजवा कान पुढं करून "काय?" म्हणायचा. एका संध्याकाळी म्हातारीनं आपलं ताट उचललं आणि त्याच्या डावीकडून उठून उजवीकडं येऊन बसली.

"तठे काय व्हयनं व्हतं तुले?" तो खेकसला.

"काही नही," भिकुबाई म्हणाली. "तुना बाप बी अशीच मान वाकडी करे."

तो ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी मोहिनीनं लसणाच्या पाकळ्या घालून तेल कोमट केलं आणि कानात सोडलं. त्यानं कानाला ऊब आली, बाकी काही आलं नाही.

बदली हेडफोन आला. तोही तसाच. पुरा लॉटच खराब, असं योगराजनं जाहीर केलं आणि निकाल रतिलालच्या गाडीवर सोपवला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. सासुरवाशिणी माहेरी येणार, झाडांना झोके बांधले जाणार, आणि त्या झोक्यांवर वाजेल असं गाणं त्याच्या खोलीत नेहमी गाणाऱ्या दिपमालानं गायलं होतं. आवाज असा गोड की ऐकणाऱ्याला आपलं माहेर आठवावं. त्या गाण्यात योगराजनं डावी बाजू कमी वाटते म्हणून वाढवली, अजून कमी वाटली म्हणून अजून वाढवली. ढोल आणि हलगी डावीकडं होती. दोन्ही कानांत सारखं लागेपर्यंत त्यानं डावीकडचा आवाज चढवत नेला आणि गाणं घेऊन तो गाडीकडं गेला.

गाडीवर गाणं झकास वाजलं. वाजणारच. वरातीत गाडीच्या एका अंगाला नाचणाऱ्यांना ढोल आणि दुसऱ्या अंगाच्यांना नुसती सनई मिळाली तर मारामाऱ्या होतील, म्हणून खानदेशातले गाडीवाले डावा-उजवा आवाज एकत्र कालवून सगळ्या भोंग्यांना तोच देतात. त्या गाडीवर डावं-उजवं काही कळूच शकत नाही. ही जोडणी रतिलालला कुणी करून दिली होती? योगराजनंच. तरीही तो भोंग्यापुढं उभा राहिला आणि म्हणाला, "बठ्ठं बरोबर शे."

रतिलालनं त्याच्याकडं जरा निरखून बघितलं. "योगूभाऊ, मी कवाचा तुले हाका मारी ऱ्हायनू. या बाजूथीन."

"गाडीना आवाज शे ना," योगराज म्हणाला. तेव्हा गाणं संपलं होतं आणि गाडी बंद होती.

गाणं मोबाइलवर गेलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याखाली लोक लिहू लागले. डाव्या कानात ढोल फाटतो. बाईचा आवाज गाडला. एकानं लिहिलं, योगूभाऊनं ऐकलं नाही वाटतं. दिपमालाचा फोन आला. "भाऊ, मी हळू गायनू का?" एवढंच तिनं विचारलं. योगराजनं लोकांच्या स्वस्तातल्या हेडफोनना शिव्या दिल्या. माणूस बुडताना काठावरच्यांना वेड्यात काढतो, तशातली गत.

आखाजीला मुलगी डिंपल घरी आली. ती जळगावला कॉलेजात होती, मेहरूणला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. गाणं तिनं बसमध्येच ऐकलं होतं. घरी न जाता ती पिशवीसकट दुकानात आली, पडद्याआड गेली. योगराज हेडफोन घालून बसला होता. ती त्याच्या डावीकडं उभी राहून "पप्पा" म्हणाली. पुन्हा म्हणाली. मग तिसऱ्यांदा हाक न मारता तिनं त्याच्या डोक्यावरचा हेडफोन उचलला, स्वतः घातला, थोडं ऐकलं. हेडफोनच्या दोन्ही वाट्या ठणठणीत होत्या. तिनं तो त्याच्या डोक्यावर परत ठेवला, पण उलटा करून.

योगराजनं तिचे हात धरले. धरले, पण काढले नाहीत. गाणं चालू होतं. डावीकडचा फाटका ढोल आता उजव्या कानात धाडधाड वाजत होता, आणि डावा कान होता तसाच, विहिरीच्या तळासारखा गार. कमी आवाज जागचा हलला नव्हता.

"माले माहीत व्हतं," तो म्हणाला.

"मंग काबर नही सांगं?"

डिंपलला राग आला होता आणि रडूही आलं होतं; तिनं आधी राग काढून घेतला. योगराजनं मान खाली घालून सगळं ऐकलं, जेवढं ऐकू आलं तेवढं.

जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला बंद खोलीत बसवून तपासलं. बाई समजुतीनं बोलल्या, म्हणून ते जास्तच लागलं. कान असा एकाएकी जातो तेव्हा पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत आलं तर औषधाला वाव असतो, त्या म्हणाल्या. तुम्ही एवढे दिवस काय करत होतात? योगराजनं खिडकीबाहेर बघितलं. हेडफोन बदलून यायची वाट बघत होतो, हे त्यानं सांगितलं नाही. डावा गेला तो गेला. उजव्यालाही मार बसलेला दिसतो, घरात वडिलांचं तसं झालेलं आहे, तेव्हा तो जपा. गाडीजवळ उभं राहायचं नाही. आणि काहीही फरक वाटला तर त्याच दिवशी या, दुसऱ्या दिवशी नाही.

त्यानं रतिलालच्या गाडीजवळ जाणं सोडलं. दिपमालाचं गाणं डिंपलनं शेजारी बसून त्याच्याकडून पुन्हा करून घेतलं, डावी बाजू तिनं ऐकायची आणि उजवी त्यानं. ते गाणं चाललं. "योगूभाऊनी ऐकं का" असं लोक अजून विचारतात, आणि घरातलं कुणी खरं सांगत नाही. सुटीच्या दिवशी डिंपल येते, त्याच्या उजव्या हाताला बसते. भिकुबाई एकदा दारातून ते बघून तशीच मागं फिरली.

श्रावणात कानबाईच्या सणाची गाणी करायची होती. रविवार होता, बाहेर भुरभुर चालू होती. योगराजनं हेडफोन चढवला, एकाच वाटीतून जे काय येतं ते ऐकायची त्याला आता सवय झाली होती. थोड्या वेळानं त्यानं आवाज जरा वाढवला. परत वाढवला. मग त्याचा हात बटणावर तसाच थांबला.

डिंपलनं बघितलं. तिनं काही विचारायच्या आत त्यानं हेडफोन काढला, जाळीवर ब्रश फिरवला नाही, पिन हलवली नाही, सेटिंगकडं ढुंकून बघितलं नाही. सरळ उलटा करून घातला आणि डोळे मिटून ऐकत राहिला. डिंपलला त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तिनं नकळत त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि तो उठला. खुंटीवरचा सदरा काढला.

"डिंपल, जळगावनी गाडी कितला वाजता शे?"

"आत्तेच शे, पप्पा. चला," ती त्याच्या उजव्या बाजूला उभी राहून म्हणाली.

योगराज सदऱ्याची बटणं लावत होता. शेवटचं बटण लावून झाल्यावर त्यानं तिच्याकडं बघितलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.