सासूबाईंची खाज आणि रात्रीची गोळी

माझ्या सासूबाई भाईंदरजवळच्या पाली कोळीवाड्यातल्या. जन्म तिथला, लग्नही त्याच गावात झालं, आणि बोंबील-मांदेली विकण्यात उमर गेली. माझा नवरा लहान असताना त्यांना आवाज ऐकू यायला लागले होते. तेव्हापासून भाईंदरच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांची एक गोळी त्या रोज रात्री घेतात. तिच्या जोरावर त्यांनी संसार केला, मुलं मोठी केली, आणि भाव करण्यात तर त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. घरात आम्ही तिला झोपेची गोळी म्हणायचो. बाहेर तिचा विषय काढायचा नाही, हे मला लग्न झाल्यावर लगेचच समजलं होतं.

गेल्या वर्षी त्यांच्या कमरेला गजकर्ण झालं. दिवसभर अंगावर ओलं लुगडं, त्यात ते पसरतच गेलं. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने थोडे दिवस बरं वाटायचं, मग जास्तच उसळायचं. मी शाळेत शिकवते, परीक्षांमुळे मला सुट्टी मिळेना, म्हणून शेजारची सून त्यांना स्कूटीवर बसवून मीरा रोडला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिथून क्रीम आणि बुरशी मारायच्या कॅप्सूल मिळाल्या.

खाज थांबली. आम्ही खूश झालो. पण हळूहळू आईंचं काहीतरी बिनसलं. कोयत्यावर मासळी कापताना हात अडखळू लागला. चालताना पाय घासत निघायचे. बोलताना चेहऱ्यावर काही उमटायचंच नाही, राग नाही की हसू नाही. जेवताना तोंडातून लाळ गळाली, तर त्यांनी पदराने पुसली आणि ताट सरकवून दिलं. माझा नवरा दारात उभा राहून हे बघत होता. त्याच्या लहानपणी आजार सुरू झाला तेव्हा आई अशीच गप्प झाली होती, एवढंच तो म्हणाला. गोळी कमी पडतेय, वाढवावी लागणार, असं त्याला वाटत होतं. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, यावर आम्ही ठाम राहिलो आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना भाईंदरला नेलं.

डॉक्टरांनी आईंचा हात धरून कोपरात वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. आवाज येतात का, विचारलं. आईंनी मानेने नाही म्हटलं. "हा आजार उलटलेला नाही," डॉक्टर म्हणाल्या. "गोळी अंगात जास्त झाल्यासारखं दिसतंय. नवीन काही औषध सुरू केलंय?"

मी कॅप्सूलचं सांगितलं. नाव ऐकताच त्यांनी पेन खाली ठेवलं. आपण घेतो ती गोळी यकृत रोज मोडून टाकतं, त्यांनी समजावलं, आणि ही कॅप्सूल नेमकं ते मोडण्याचं काम अडवते. मग गोळी एकच घेतली तरी अंगात साठत जाते. हात-पाय आखडतात ते त्यामुळे. कॅप्सूल आजपासून बंद करायची, आणि तिचा असर उतरेपर्यंत गोळीही थोडी कमी.

"मावशी, त्वचेच्या डॉक्टरांना रात्रीच्या गोळीचं सांगितलं होतं का?" त्यांनी विचारलं.

आई जमिनीकडे बघत म्हणाल्या,

"त्यांनी इचारला, दुसरी काय गोली चालू हाय का. मी बोलले, न्हाय. ती पोरगी बाजूला बसलेली. तिच्यासमोर कसा सांगू?"

नवऱ्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो तसाच राहू दिला.

दोन-तीन आठवड्यांत हात मोकळे झाले. चेहऱ्यावर आधी राग परत आला, हसू नंतर. गजकर्णाचे चट्टे मात्र अजून होतेच. मग आई म्हणाल्या, त्या मीरा रोडच्या डॉक्टरांकडे मना परत जायचा हाय, आणि त्याच पोरीच्या स्कूटीवर. मी मागून रिक्षाने गेले. केबिनचं दार अर्धं उघडं, बाहेर माणसं बसलेली, आत शेजारची सून आईंच्या खुर्चीला खुर्ची लावून. आईंनी स्पष्ट सांगितलं, मी डोक्याच्या आजाराच्या गोल्या खाते, कवापासून खाते. डॉक्टर जराही दचकले नाहीत. बरं झालं सांगितलंत, म्हणाले, आणि गजकर्णावर पोटात घ्यायचं काही न देता नुसतं लावायचं औषध दिलं. वेळ लागेल, असंही बजावलं.

बाहेर आल्यावर ती सून हेल्मेट घालता घालता म्हणाली, "मावशे, मना ठावं होता. आमच्या घरात सगल्यांना ठावं हाय."

आई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग तिच्या मागे स्कूटीवर बसल्या.

क्रीमला खरंच वेळ लागला. पाठीकडच्या चट्ट्यांपर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता, म्हणून रोज संध्याकाळी मी लावून द्यायचे. त्या माझ्याकडे पाठ करून बसायच्या. एकदा असंच लावताना मी विचारलं, ते आवाज कोणाचे यायचे?

"माझ्या आयचा," त्या म्हणाल्या. "ती मेल्यावर. बंदरावरून हाक मारायची. लोक बोलायचे भूतबाधा हाय. मना भीती नव्हती वाटत. मना जावासा वाटायचा."

मग त्यांनी आपल्या आयबद्दल सांगायला सुरुवात केली. ती कशी जाळी विणायची, कशी रागवायची. औषध लावून झालं होतं, तरी मी हात काढला नाही, आणि त्या बोलत राहिल्या.