सहा घंटांचे जॉर्ज

जोनचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "जॉर्ज गेला गं, पहाटे," ती म्हणाली. मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य, "पुढच्या गुरुवारी दोनला फ्युनरल. तू घंटेवर आहेस..." रडावं की प्रॅक्टिसला जावं, मला कळेना.

आमचे डॉक्टर ब्रिस्टलच्या हॉस्पिटलातून रिटायर झाले आणि आम्ही या खेड्यात घर घेतलं, त्याला सतरा वर्षं झाली. शेजारचे जॉर्ज, म्हणजे जोनचे यजमान, त्याला शेवटपर्यंत "मिसेस हिबर्टचं घर" म्हणत. त्या बाई आम्ही येण्याआधीच वारलेल्या! कुणाचं कुंपण कधी सरकलं, पबमध्ये कुणाच्या आजोबांनी कुणाला ठोसा मारला, सगळं त्यांना तोंडपाठ. आणि चर्चच्या मनोऱ्यातल्या सहा घंटा म्हणजे त्यांचा जीव. वाजवणारेही मोजून सहा, त्यातले एक ते स्वतः.

गेल्या हिवाळ्यात दारात येऊन म्हणाले, "घंटा वाजवायला शिकणार का?" म्हटलं, "अहो, मी सत्तरीची, त्यातून हिंदू..." "घंटेला कुठे कळतंय?" झालं, गेले. पहिल्याच दिवशी फजिती. आपल्याकडे देवळात कसं, एकदा टण्ण केलं की हात जोडायचे. मी दोरी ओढली, वर घंटा वाजली, आणि सवयीनं दोरी सोडून, डोळे मिटून हात जोडले. दोरी फडफडत छतापर्यंत! जॉर्जनी धावत येऊन ती पकडली आणि ओरडले, "प्रेयर नंतर! आधी दोरी!"

मग बाकावर बसून किती वेळ धापा टाकत होते... वयामुळे असेल, असं मी धरून चालले. एकदा विचारलं, "तुम्ही सहा जण आहातच की. मी कुणाच्या जागी?"

"एक जण सोडून जाणार आहे."

"कोण?"

"बाकीच्यांना अजून सांगितलेलं नाही."

मी आपली महिनाभर उरलेल्या पाचांवर संशय घेत होते! जोनच्या फोननंतर डोक्यात प्रकाश पडला. आपल्या फ्युनरलला सहाच्या सहा घंटा वाजल्या पाहिजेत, पाच नाही, म्हणून हा माणूस स्वतःची जागा स्वतःच भरून गेला होता. आणि भरली ती माझ्यासारखीनं...

गुरुवारी बाकीच्यांनी घंटा अदलूनबदलून घेतल्या, सगळ्यांत हलकी मला दिली. एक टोला माझा चुकलाच, उशिरा पडला. पण सहाही वाजल्या, शेवटपर्यंत. बाहेर आल्यावर जोननं मला मिठी मारली. "तू चुकलीस ना, तेव्हा मी शवपेटीकडे बघितलं," ती म्हणाली, "म्हटलं, आता उठून ओरडतोय हा!" दोघी इतक्या हसलो की चर्चचे व्हिकर बघायला लागले.

मनोऱ्यात दाराशी सहा खुंट्या आहेत. एकीवर जॉर्जचं कोपरं विरलेलं कार्डिगन अजून तसंच आहे. कुणी हलवत नाही, मीही नाही. माझा कोट मी खिडकीत ठेवत असे. परवाच्या रविवारी जोन जिना चढून वर आली, तिनं तो उचलून माझ्या हातात दिला.

"त्याच्यावरच टांग गं. फार थंडी असते इथे त्याला."

टांगला.