हेझकाया राइडआउटचं मरणोत्तर कर्तृत्व

हेझकाया राइडआउट जिवंत होता तोवर त्याच्या हातून फारशी मासळी मेली नाही. पहाटे स्पिलर्स टिकल गावच्या सगळ्या होड्या कॉड माशांच्या मागे निघाल्या की हा दारात उभा राहून वाऱ्याची चौकशी करी. वारा ईशान्येचा असला तर थंडी बाधायची, नैऋत्येचा असला तर धुकं यायचं, आणि वारा अजिबात पडलेला असला तर असल्या शांततेवर त्याचा विश्वास नसे. मग तो आत येऊन काकवी घातलेला चहा पिई आणि अकॉर्डियन मांडीवर घेई. वाजवायचा मात्र सुरेख. बाकीच्यांच्या बायका मासळी खारवताना त्याच्या सुरांवर पाय ठोकत, आणि त्याची स्वतःची बायको, ट्रायफीना, त्याच सुरांवर दात खात असे.

क्रेनफर्डच्या पेढीचा कारकून ॲब्सलम पुडिस्टर दर हिवाळ्यात हेझकायाचं पान उघडून एक उसासा टाकायचा. पेढीचा व्यवहार साधा होता. वसंतात पेढी मीठ, दोरी, गळ, पीठ, काकवी असं सगळं सामान आगाऊ द्यायची आणि शरदात सुकवलेली मासळी घेऊन हिशेब मिटवायची. सामानाचे भाव पेढी ठरवायची, मासळीचे भावही पेढीच ठरवायची. दोन्हीकडून डोकं चालवायचे कष्ट कोळ्यांना पडू नयेत एवढाच त्यामागे उदात्त हेतू असावा.

एकोणतीस सालच्या फेब्रुवारीत खाडी गोठली होती. पलीकडच्या काठावर लग्न होतं, वाजवायला कोणी नव्हतं, म्हणून हेझकाया जन्मात पहिल्यांदाच वाऱ्याची चौकशी न करता घराबाहेर पडला. मधोमध बर्फ पातळ होतं. जो माणूस जन्मभर समुद्राला टाळत आला त्याला शेवटी समुद्रानेच नेलं, तेही चालत जाताना. फुटलेल्या बर्फाच्या काठावर फक्त अकॉर्डियन सापडलं.

ट्रायफीना रडली. आळशी माणसावर जीव जडू नये असा काही नियम नाही, आणि तिचा तर चांगलाच जडला होता. पाद्रीबाबांनी चर्चच्या वहीत हेझकायाच्या मरणाची तारीख लिहिली, गावाने पाव आणि मिठातलं डुकराचं मांस आणून दिलं, आणि त्यानंतर दोन लहान मुलींना घेऊन तिने पुढे काय करायचं हा प्रश्न सगळ्यांनी अत्यंत आदरपूर्वक तिच्यावर सोपवला.

बर्फ फुटल्यावर ती पेढीत गेली. पुडिस्टर उंच स्टुलावर बसून टाक पुसत होता.

"मीठ हवंय. दोरी हवीय. आणि गळ," ती म्हणाली.

"फीना, विधवेला सामान द्यायची पद्धत नाही गं पेढीत. तुला गरिबांच्या यादीत घालतो. सरकारी पीठ मिळेल. जरा तपकिरी असतं, पण मिळेल."

"मग सामान कुणाला द्यायची पद्धत आहे?"

"खातेदार पुरुषाला."

"आमच्या घरात आहे की पुरुषाचं खातं."

"अगं, तो वारला ना!"

"ते तुमच्या वहीत लिहिलंय?"

पुडिस्टरने पान उघडलं. हेझकायाचं नाव होतं, खाली नेहमीचा दळभद्री हिशेब होता. मृत्यूचा उल्लेख कुठेच नव्हता, कारण मरण ही काही पेढीने विकलेली वस्तू नव्हती.

"नाही लिहिलेलं," तो म्हणाला.

"मग लिहू नका."

पुडिस्टरने टाक दौतीशेजारी ठेवून दिला. तो काही फार धाडसी माणूस नव्हता. मालक शहरात राहायचे, वर्षातून एकदा येऊन धक्क्यावरच्या वासाबद्दल तक्रार करायचे आणि परत जायचे. त्यांना पानं वाचायची असत, माणसं नव्हे. शिवाय नवं खातं उघडायचं म्हणजे पत्र लिहा, परवानगी मागा, उत्तराची वाट बघा. त्यापेक्षा एक माणूस जिवंत ठेवणं पुष्कळ सोपं होतं. त्याने मीठ मोजून दिलं.

ट्रायफीना नवऱ्याचा तेल लावलेला कोट चढवून होडीत बसली. सोबतीला तिचा भाऊ गार्लंड, ठार बहिरा, पण वल्ही मारण्यात वस्ताद. बाईने होडीत पाय ठेवला की मासळी गाव सोडून जाते, असं आमच्याकडचे सगळे जाणते पुरुष सांगत. मासळीला मात्र बहुधा कुणी तसं कळवलं नव्हतं. दुपारी परतल्यावर ती मासळी चिरायची, खारवायची, फर झाडाच्या फांद्यांच्या मांडवावर वाळत घालायची, उन्हाने करपू नये म्हणून उलटायची, आणि आभाळ भरून आलं की हातातला पाव टाकून झाकायला धावायची. हे खारवण्या-सुकवण्याचं काम किनाऱ्यावरची प्रत्येक बाई करतच होती. ते कुणाच्याच वहीत नसे, कारण बायका ते घरीच असल्याने सहज करत, असं मानलेलं होतं.

शरदात हिशेबाचा दिवस आला. पद्धत अशी की पुडिस्टरने धक्क्याच्या टोकाला उभं राहून खातेदाराचं नाव पुकारायचं, त्या माणसाने 'हजर' म्हणून पुढे यायचं आणि त्याची मासळी प्रत ठरवणाऱ्यापुढे टाकायची. सगळा गाव जमलेला.

"हेझकाया राइडआउट!" पुडिस्टर ओरडला, आणि ओरडल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"हजर," ट्रायफीना म्हणाली.

कुणी हसलं नाही. प्रत ठरवणाऱ्याने एक कॉड उचलून उजेडात धरला, वास घेतला, अंगठ्याने दाबला आणि पहिल्या प्रतीच्या ढिगावर टाकला. दुसराही तिथेच. मग तिसरा. मागून कुणीतरी गंभीरपणे म्हणालं, "सुधारला हो हेझ, गेल्यापासून."

त्या दिवसापासून हेझकायाची जी भरभराट सुरू झाली ती विचारू नका. मंदीच्या वर्षांत जिवंत माणसं धडाधड सरकारी पिठावर येत होती, आणि हा एकटा पहिल्या प्रतीची मासळी देत होता. एका वर्षी मालक खूश होऊन म्हणाले, या माणसाशी मला हात मिळवायचाय. पुडिस्टर घाम पुसत म्हणाला, "समुद्रात आहे तो साहेब." ते खोटंही नव्हतं. मग मालकांनी त्याच्यासाठी बक्षीस म्हणून लाकडी पाइप आणि तंबाखूचा डबा ठेवला. पाइप ट्रायफीनाने घरी नेला, पेटवून बघितला, आणि तिला तो आवडला. हेझकायाच्या कर्तबगारीतलं तिच्या तोंडी लागलं ते एवढंच.

मुलींची लग्नं झाली, गार्लंडचे खांदे गेले. अठ्ठेचाळीस साली ती पेढीत येऊन म्हणाली, "हेझ थकला आता. बंद करा त्याचं खातं." पुडिस्टरने शेवटची रेघ ओढली, खाली 'वयोमानामुळे' असं लिहिलं, आणि चष्मा काढून डोळे पुसले. पुढे पुडिस्टर वारला, पेढी बुडाली, वह्या माळ्यावर उंदरांच्या हवाली झाल्या.

त्या वह्या शोधत चौऱ्याहत्तर साली शहरातल्या विद्यापीठाचे प्राध्यापक बॅनिस्टर आले. ज्या वह्यांपुढे आमचे आजोबा टोपी काढून उभे राहायचे त्या वह्या हे गृहस्थ पांढरे हातमोजे घालून, तान्ह्या मुलासारख्या उचलून ट्रकमध्ये ठेवत होते. वर्षाने ते पुन्हा आले ते एक शोध लावूनच. म्हणाले, मंदीच्या काळात या किनाऱ्यावर सर्वांत उद्योगी कोळी कोण होता ते कागदपत्रांवरून सिद्ध झालंय. हेझकाया राइडआउट. विद्यापीठ त्याच्या नावाने नव्या धक्क्यावर पितळी पाटी बसवणार.

गावातल्या म्हाताऱ्यांना खोकल्याची उबळ आली. पण पंचायतीचा प्रमुख सेल्बी राइडआउट, म्हणजे हेझकायाचा सख्खा पुतण्या, उभा राहिला आणि म्हणाला की उद्योगीपणा आमच्या रक्तातच आहे. हा सेल्बी दुपारी दोननंतर कधी कुणाला जागा सापडलेला नाही.

ट्रायफीना त्याच्या घरी गेली. "पाटीवर माझं नाव घाल," ती सरळ म्हणाली. "होडीत मी बसले, हात माझे फुटले."

"काकू, मला काय माहीत नाही का? पण तुझं नाव वहीत नाही. आणि उद्या लोक म्हणतील, राइडआउटांनी मेलेल्याच्या नावावर पेढीला फसवलं. घराण्याची अब्रू काय राहील?"

"घराण्याची अब्रू कुणी कमावली रे?"

"काकांनी," सेल्बी म्हणाला. "कागदोपत्री."

तिला संताप आला, आणि रडूही आलं, त्याच्यासमोर नाही, वाटेत. इतकी वर्षं तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. पोटासाठी नाव उसनं घेतलं होतं, ठीक होतं. पण आता पोटाचा प्रश्न उरला नव्हता, आणि उसनं नाव तिलाच गिळून पितळेत जाऊन बसत होतं.

प्राध्यापक पाद्रीबाबांकडे उतरले होते. तिने त्यांना सगळं सांगितलं. माणूस चांगला होता. त्याचे कान लाल झाले. पण तो पडला कागदांचा माणूस.

"राइडआउटबाई, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण पाटीवर कागदात नोंद असलेलंच घालता येतं, विद्यापीठाचा नियम आहे. तुमची हकीकत आपण टेपवर घेऊ. ती कायम जपली जाईल."

"टेप धक्क्यावर वाजवणार का?"

"नाही. ती विद्यापीठात राहील. थंड खोलीत."

"थंडीत मी पुष्कळ राहिलेय लेका," ती म्हणाली. पाइप झटकून जरा विचार केला. "चर्चची वही तुम्ही कागद मानता का?"

"अर्थातच! सर्वांत विश्वसनीय."

"मग आमचा हेझ कधी गेला ते तिच्यात बघा. त्याच्या नावाखाली तेवढी तारीख घाला. आणि पेढीच्या वहीत त्याने मासळी कधीपर्यंत दिली तेही घाला. मला दुसरं काही नको."

प्राध्यापकांनी चर्चची वही उघडली, पान वाचलं, पुन्हा वाचलं. मग हळूच हसले. दोन्ही कागद अस्सल होते, आणि अस्सल कागद डावलणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं.

पाटी विद्यापीठाच्या खर्चाने तयार होऊन फडक्याखालीच आली, त्यामुळे सेल्बीने ती आधी वाचली नाही. वाचली असती असंही नाही. समारंभाला मत्स्यखात्याचे मंत्री आले, बायकांनी खारा कॉड आणि भिजवलेली कडक बिस्किटं रांधली. मान म्हणून फडकं ओढायचं काम विधवेला दिलं होतं. ट्रायफीनाने ते ओढलं आणि पाइप तोंडात धरून बाजूला उभी राहिली.

सेल्बी मोठ्या आवाजात वाचू लागला. "हेझकाया राइडआउट. या किनाऱ्यावरील सर्वांत उद्योगी कोळी. मृत्यू, फेब्रुवारी एकोणीसशे एकोणतीस. पहिल्या प्रतीची मासळी दिली, एकोणीसशे एकोणतीस ते..." इथे त्याने बोट ठेवून आकडा पुन्हा पाहिला. "...अठ्ठेचाळीस."

मंत्र्यांनी पाटीकडे बघितलं, मग सेल्बीकडे.

"एकोणतीसला वारले?"

"हो साहेब."

"मग पुढे मासळी कुणी धरली?"

सेल्बीने गावाकडे बघितलं. सगळा गाव मोठ्या जिज्ञासेने त्याच्याकडे बघत होता. त्याने प्राध्यापकांकडे बघितलं. ते आकाशाचं निरीक्षण करत होते. ट्रायफीनाला उत्तर माहीत होतं. तिला ते त्याच्या तोंडून हवं होतं.

"काकूने," सेल्बी पुटपुटला.

"ऐकू आलं नाही. नाव काय त्यांचं?"

आता मोठ्याने बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"ट्रायफीना राइडआउट!"

त्या किनाऱ्यावर तिचं स्वतःचं नाव पहिल्यांदाच कुणीतरी पुकारलं होतं. तिने पाइप तोंडातून काढला.

"हजर," ती म्हणाली.