हिरव्या काचेची घागर

आमच्या बरण्या गळायच्या. दिसायला झकास, पण गळायच्या.

आम्ही काही कुंभार नव्हे. धुळ्याजवळची कापूस पिकवणारी माणसं. लढाईमुळे बाहेरच्या चिनी मातीच्या बरण्या बाजारात येईनाशा झाल्या, तेव्हा आमचे घरधनी म्हणाले, "माती आपली, पऱ्हाटीचं जळण आपलं, मग अडतं कुठं?" अक्कल सोडून सगळं घरचंच होतं. तसं मी म्हटलंही. मग मीच चिखल तुडवायला लागले.

भांड्याला चकाकी कशी आणायची हे कुणी सांगेना. त्यांनी स्वतःच शोधलं. बांगड्यांची काच कुटायची, टाकणखारात कालवून भांड्याला फासायची आणि भट्टी लावायची. मी गावभर फुटक्या बांगड्या मागत फिरायची. (बाया म्हणायच्या, हिचा नवरा हिला नव्या घेऊन देत नाही वाटतं.)

माझी नणंद अक्का, हे आमचं एकुलतं एक गिऱ्हाईक. लोणच्याची बरणी काखेत घेऊन ती आली, लुगडं तेलानं माखलेलं.

"भाऊ, बठ्ठं तेल गळी गयं. मुंग्यासनी जत्रा भरनी घरमा."

"अक्का, पुढची नाही गळणार."

"मांगेबी असंच सांगं व्हतं तू."

एक तरी न गळणारं भांडं हातून व्हावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. फाल्गुनात त्यांना ताप भरला. अंथरुणातून विचारायचे, "त्या शेवटच्या बरणीत पाणी भरलंस ना? गळते का?"

"गळते," मी म्हणायची. मला खोटं बोलता येत नाही.

त्याच तापात ते गेले.

बायांनी माझ्या बांगड्या फोडल्या. मी तुकडे पदरात वेचले. "हिचं डोकं फिरलं," कुणीतरी म्हणालं. फिरलं नव्हतं. काच वाया घालवायची नाही, हा आमच्या भट्टीचा नियम होता.

अक्षय तृतीया, आमची आखाजी, आली. त्या दिवशी पितरांना घागर भरून पाणी द्यायचं. लोक कुंभाराची आणतात. मी म्हटलं, यांची घागर यांच्याच भट्टीतली. त्यांनी घडवलेली एक कच्ची घागर कोपऱ्यात होती. तिला माझ्या बांगड्यांची काच फासली आणि भाजली. हिरवीगार निघाली. पाणी भरून खालून हात फिरवला. थेंब नाही. आमचं पहिलं न गळणारं भांडं.

अक्कानं सांजोरी आणि आंबा घागरीजवळ ठेवला, पाण्यात बोट घातलं आणि माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, पानी ऊन शे."

"असं कसं?"

"घागर पाझरस तवय पानी थंडं व्हस. पितरनी घागरले कोनी काच लावस का?"

तिला हसू आलं, मग रडू आलं. मला उलट्या क्रमानं आलं. "दुसरी आन," ती म्हणाली. मी आणली नाही. त्यांनी न गळणारं भांडं मागितलं होतं, गार पाणी नव्हे.

अजून आखाजीला तीच भरते. भर उन्हाळ्यात माणूस वर्षातून एकदा येतो, आणि मी त्याला कोमट पाणी पाजते. तक्रार आलेली नाही. जिवंतपणी माझ्या हातचा चहासुद्धा त्यांना कोमटच मिळायचा.