कडी लावून थापलेल्या भाकरी

दुपारच्या फेरीला अजून वेळ आहे. डेपोतल्या बायकांच्या विश्रांतीच्या खोलीत वैजयंता बाकावर आडवी झालेली आहे. उशाला तिकिटांची बॅग, शेजारी न उघडलेला डबा. आता जाता जाता साहेबांना सांगायचं, नोकरी सोडते. कंडक्टरची ही नोकरी तिनं जिवापाड धरून ठेवली होती. पण नवरा, हणमंत, सकाळीच म्हणाला, "आई हातरुणाला खिळलीया आन् तू एसटीत बेल वाजवत फिर. आबा हुते तवर बरं जमत हुतं तुला?"

कसं जमत होतं ते वैजयंताला ठाऊक आहे, आणि तेच सांगायची तिला बंदी आहे. पंखा कुरकुरतो. डोळा लागतो न लागतो तोच बाकाला इंजिनाची थरथर सुटते.

गाडी घाटात आहे. पुढच्या सीटवर मामा, म्हणजे तिचे सासरे, हणमंताचे आबा, बसलेले आहेत. आषाढात वारले तेव्हा होती तीच टोपी डोक्यावर. मांडीवर परात, हात पिठात.

"मामा, तिकीट," ती म्हणते, कारण दुसरं काही सुचत नाही.

"आदी दार लाव. लोकं बघत्यात."

हीच ती बंदी. हणमंत साखर कारखान्यावर आणि ही एसटीत गेली, की मामा आतून कडी लावायचे. भाकरी थापायचे, भांडी घासायचे, लुळ्या पडलेल्या बायकोला पुसून कुशीवर वळवायचे. बाहेरून कुणी हाक मारली की हात धुऊन, मिशीला पीळ देऊन मगच दार उघडायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची! पोराला कळू द्यायचं नाही, असं त्यांनी सुनेकडून वदवून घेतलं होतं. आत्याबाईंना, म्हणजे सासूला, सगळं माहीत, पण त्यांची वाचाच गेलेली. त्यामुळं भाकरी आपोआप टोपल्यात येऊन पडते, अशी हणमंताची समजूत आहे.

ती दार लावायला वळते, तर गाडीच्या दाराला घरची कडी. मागच्या सीटवर आत्याबाई निजल्यात आणि दर वळणाला थोड्या थोड्या खाली घसरतायत. पुढं बॉनेटवर तवा तापलाय. ड्रायव्हरची सीट रिकामी आहे.

"मामा, आत्याबाईंना धरा."

"माझं हात भरल्यात. तू धर."

ती बघते तर तिचेही हात पिठानं भरलेले. बेलची दोरी धरायला जाते, ती बोटांतून निसटते.

"तुमी गेलासा. मी एकली कुठं कुठं पुरू?"

"हणमंताला सांग की."

"काय सांगू? आबानं कदी चुलीकडं बघितलं न्हाई, मी का बघू, म्हणतोय त्यो. कडी तुमी लावली, मामा. केलं ते चांगलंच केलंसा. पण चोरी केल्यागत केलंसा."

मेलेल्या माणसाला असं बोलू नये, हे तिला कळतं. पण राग आलाय तो आलाय, आणि तो आजचा नाही. मामा पिठाचा गोळा परातीत थापायला घेतात. आत्याबाईंचा एक पाय सीटवरून खाली लोंबतो.

"लाज वाटायची," ते म्हणतात. "बायकूचं लुगडं धुताना कुणी बघितलं असतं तर?"

"मी धुतीया तवा कोण बघतंय?"

मामा मान वर करतात. मग थापलेल्या भाकरीवर उजव्या हाताची चार बोटं दाबतात. पहिलं बोट पेरभर आखूड. तरुणपणी कडबा कापायच्या यंत्रात गेलेलं.

"ही त्याला दाव. बापाचा हात वळखंल."

ते उठून कडी काढतात. बाहेर घाट नाही, घरचं अंगण आहे, भर उन्हात, आणि आळीतली माणसं उभी आहेत. मामा थबकतात. मग पिठाच्या हातानंच खाली उतरतात.

"मार बेल."

"एक का दोन?" एकीवर गाडी थांबते, दोहोंवर सुटते.

"कंडक्टर तू हायस," मामा मागं न बघता म्हणतात.

"ताई, गाडी लागली!" ड्रायव्हर शिकलगार दार ठोकतायत.

वैजयंता उठून बसते. हात कोरडे आहेत. ती डबा उघडते. वरच्या भाकरीवर चार बोटं उमटलीत. वाफेनं खड्डे पडले असतील, अशी ती स्वतःची समजूत घालून बघते, कारण सकाळी भाकरी थापायला घरात दुसरं कुणी नव्हतं. मग आपली बोटं त्यावर ठेवते. तीन बसतात. पहिलं पेरभर पुढं जातं.

तिला रडू येतं आणि भूकही लागते. तरी ती झाकण घट्ट लावते, डबा बॅगेत घालते. साहेबांच्या खोलीचं दार उघडं आहे. साहेब वर बघतात, ती तशीच पुढं जाते.

भाकरी तशीच घरी न्यायची आहे, हणमंताच्या पुढ्यात. गाडीत चढून ती माणसं बसल्याची खात्री करते, दोरी मुठीत धरते आणि दोनदा ओढते.