खंडूमामाची उलटी उतरणारी जोडी

वाचकहो, रस्त्यात एक माणूस चाकाखाली चिरडून मेला आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत त्याच्या नावाला जागा मिळाली नाही, खोळंबलेल्या बग्ग्यांबद्दलची हळहळ मात्र छापून आली, हे तुमच्या नजरेतून निसटले तर नाही ना? बातमी चारच ओळींची होती. भायखळ्याच्या पुलाच्या चढणीवर कापसाचा खटारा मागे घसरला, 'एक गाडीवान' मयत झाला, रहदारीस फार त्रास पडला, आणि हे गाडीवान लोक आपले बैल पुलावरून उलट दिशेने उतरवतात त्याचा बंदोबस्त व्हावा. तो एक गाडीवान माझा मामा होता. त्याचे नाव खंडू. त्याला जाऊन आता महिना होऊन गेला, आणि ते नाव आज मी मुद्दाम छापून घेत आहे. बैल उलट दिशेने का उतरत होते, तेही सांगणार आहे. कारण त्या चौथ्या ओळीत जे लिहिले आहे ते खोटे आहे.

आम्ही गिरगावात एका चाळीत राहतो. त्या दुपारी आई दारात तांदूळ निवडत बसली होती आणि मी आत छापखान्याच्या मुद्रितांवरून नजर फिरवत होतो. मामाच्या गाडीअड्ड्यावरचा दगडू, तोही खटारेवालाच, मामापेक्षा पुष्कळ लहान, जिना चढून वर आला आणि उंबऱ्याबाहेर नुसता उभा राहिला. कापसाचे तंतू त्याच्या केसांना, भुवयांना चिकटले होते. आईने वर पाहिले. "दादा कुठं हाय रं?" दगडू म्हणाला, "पुलावर." "मग तू हितं काय करतोस?" त्यावर त्याने दाराची चौकट धरली... "आक्का, गाडी माजी हुती." एवढेच तो बोलला. आईच्या मांडीवरचे सूप खाली आले आणि तांदूळ सज्जाभर पसरले. नंतर कितीतरी दिवस ते फटींत सापडत होते.

मामाचा खटारा त्याच्या बापाचा. तो खटारा घाट उतरून मुंबईत आला तेव्हा लालबाग-परळाकडे गिरण्यांपेक्षा माडांची झाडे अधिक होती. गिरण्यांच्या धुराड्यांकडे बोट करून मामा सांगे, "ह्या चिमण्यांच्या इटा कुणी वाहिल्या? ह्यानंच!" आणि खटाऱ्याच्या दांडीवर अशी थाप मारी, की जणू तोही एक बैलच. बाभळीचे लाकूड, चाकावरची लोखंडी धाव झिजून कागदासारखी पातळ, आसाला कितीही वंगण घातले तरी रड थांबत नसे. मामी म्हणायची, "आलं बग तुज्या मामाचं रडकं पोरगं." लालबागेच्या मागे त्यांचा गाडीअड्डा होता. संध्याकाळी खटारे ओळीने उभे राहिले की त्यांच्याखाली संसार सुरू व्हायचे. कोणी खाली तरट बांधून त्यात भाकरी आणि कांदे ठेवी, कोणी चाकाला टेकून चिलीम ओढी, कोणी बैलांच्या शिंगांना शेंदूर लावत बसे. मामाची जोडी मोऱ्या आणि पवळ्या यांची. पवळ्या आळशी होता आणि मामाला तोच अधिक आवडत असे. "मोऱ्या काम करतो, पवळ्या इचार करतो," असे त्याचे म्हणणे.

माझे वडील छापखान्यात पुस्तके बांधण्याचे काम करीत आणि न खपलेल्या चोपड्या घरी आणीत. मी अक्षरे शिकलो ती त्या चोपड्यांवर, म्हणून मामा मला बालिष्टर म्हणे. अड्ड्यावर गेलो की तो वाचायला लावी. मनुष्यमात्राच्या हक्काविषयी मी तावातावाने वाचत असे आणि तो बैलांना पेंड चारता चारता ऐके. एकदा म्हणाला, "बालिष्टर, ह्ये ज्यांच्यासाटी लिव्हलंय त्यांना वाचता येत न्हाय, त्याचं काय?" मी म्हटले, "म्हणूनच मोठ्याने वाचतोय ना, मामा." "मग आनकी मोट्यानं वाच. पवळ्या झोपलाय." सगळा अड्डा हसला आणि मी खरोखरच ओरडून वाचू लागलो. आज लिहिताना माझा आवाज चढतो अशी तक्रार माझे काही मित्र करतात. त्यांना त्याचे कारण आता कळेल.

आता त्या पुलाविषयी. कुलाब्याहून कापसाच्या गासड्या भरून निघालेला खटारा भेंडीबाजार ओलांडून भायखळ्याला पोहोचतो तोवर बैल निम्मे दमलेले असतात, आणि समोर रेल्वेवरच्या पुलाची चढण उभी राहते. भरल्या गाडीने एका जोडीनिशी ती चढणे म्हणजे बैलांचे गुडघे फोडून घेणे. यावर गाडीवानांनी स्वतःच एक रीत पाडली होती. चढून गेलेल्याने आपली गाडी माथ्यावर कडेला उभी करायची, जुवाखाली टेकू, चाकाखाली दगड, आणि बैल सोडून तसेच पुन्हा खाली आणायचे. खाली उभ्या असलेल्या गाडीच्या पुढे ते दोराने जुंपायचे. दोन जोड्यांनी ती गाडी वर गेली की पहिला मोकळा आणि दुसऱ्याने आपले बैल खाली आणायचे, तिसऱ्यासाठी. कोणी कोणाचे आभार मानत नसे, कारण तुम्ही ज्याला ओढले तो तुम्हाला ओढणाराच नसे. मराठा, महार, मुसलमान, घाटावरचा, कोकणातला, जो मागे असेल त्याला पुढच्याची जोडी. मी कित्येक सभांतून ऐक्यावरची व्याख्याने ऐकली आहेत. ते ऐक्य डोळ्यांनी पाहायचे तर मी भायखळ्याला जात असे.

या रीतीत एकच अडचण होती. सकाळच्या पहिल्या गाडीला पुढे कोणीच नसे. तिला कोण ओढणार? त्यावरून पूर्वी भांडणे होत, सगळे मागे मागे रेंगाळत. मामाने ते भांडण मिटवले. तो रोज सगळ्यांच्या आधी पोहोचायचा आणि पहिला चढायचा. रस्ता रिकामा असे, म्हणून तो गाडी सरळ न नेता घाटातल्यासारखी आडवी-तिडवी घेई, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत, मधेच चाकाला दगड लावून बैलांना दम खाऊ देई. माथ्यावर पोहोचला की घाम पुसायच्या आत बैल सोडून खाली. मी त्याला विचारले होते, "तूच का रोज?" तो म्हणाला, "मला पुढं कुणाची शेपटी बगायला आवडत न्हाय."

गेल्या वर्षी लालबागेकडच्या गिरण्यांचा बराचसा कापूस वाहण्याचे काम एका कंत्राटदाराने एकट्याने घेतले. त्याने आल्या आल्या दोन गोष्टी केल्या. प्रत्येक खटाऱ्यावर गासड्या वाढवल्या, आणि माथ्यावर गाडी सोडून खाली जाण्यास बंदी केली. गिरणीला माल लवकर हवा, गाडीवान वेळ दवडतात, असे त्याचे म्हणणे. वजन वाढवायचे आणि ओढणारे बैल निम्मे करायचे, या हिशेबाला व्यापार म्हणतात! पुलाच्या माथ्यावर छत्री घेऊन एक मुकादम बसू लागला. पहिल्याच दिवशी मामा बैल सोडून निघाला तेव्हा त्याने हटकले. मी तिथे होतो.

"खंडू, कुठं निघालास?"

"खाली."

"खाली काय सासर आहे तुझं?"

"सासर न्हाय, सोयरं हायेत. वर घिऊन येतो."

"हुकूम ऐकला नाहीस?"

"ऐकला की. हुकमाला म्हनावं, ये आन् येक गासडी उचलून बग. कंबर ऱ्हायली तर मग बोलू."

खालून वरपर्यंत हशा पिकला. मुकादमही क्षणभर हसला, आणि दुसऱ्या दिवसापासून मामाचा खटारा भरणे बंद झाले. ते पाहून बाकीच्यांनी बैल खाली आणणे सोडले.

दुसरा कोणी असता तर त्याने हात जोडले असते. मामा दुपारून माझगावकडे रेती आणि विटा वाहू लागला, आणि सकाळी खटारा अड्ड्यावर ठेवून नुसती जोडी घेऊन पुलाच्या पायथ्याशी उभा राहू लागला. ज्याला हवी त्याला मोकळी जोडी. गाडीच नाही तर गाडी सोडल्याचा गुन्हा कुठला? आई त्याच्यावर फार चिडली. "दादा, पोटाचं बग जरा." "पोटाचंच बगतोय, बाय. समद्यांचं पोट त्याच पुलावरनं जातंय." "समद्यांचं जातंय, तुजं तेवढं खालीच ऱ्हातंय!" त्याने तिच्या ताटातली भाकरी उचलली आणि खात बसला.

पण मुकादमाने त्याची जोडी लावून घेणाऱ्यांचेही काम तोडायला सुरुवात केली. मग एकेक जण मान फिरवून पुढे जाऊ लागला. मला त्यांचा राग येई. मामाला येत नसे. "लेकरंबाळं हायेत त्यांना," म्हणायचा, आणि दोर खांद्यावर टाकून पुढच्या गाडीकडे जायचा. अपघाताच्या दिवशी कोणीच त्याची जोडी लावून घेतली नाही, तेव्हा तो दगडूच्या गाडीपाशी गेला. दगडूने मला हे स्वतः सांगितले आहे, मी काही पदरचे घालत नाही. दगडू म्हणाला, "मामा, नगं. त्यो बगतोय." मामा म्हणाला, "बरं. सावकाश घे. डाव्याचा खूर बग, घसरतोय." दगडू एकटा चढू लागला. अर्ध्यावर डाव्या बैलाने गुडघे टेकले, आणि वाढवलेल्या गासड्यांनी गाडी मागे खेचली. मामा खालून दगड घेऊन धावत आला. त्याने तो चाकाखाली घातलाही, पण दगड सरकला... खाली जोडी होती तशीच उभी होती. दोर तिच्या जुवाला बांधलेला होता.

म्हणून सांगतो, ती चौथी ओळ खोटी आहे. त्या दिवशी पुलावरून एकही जोडी उलटी उतरली नव्हती. ती उतरली असती, तर दगडूच्या पुढे चार बैल असते आणि खंडूमामा आज अड्ड्यावर बसून माझी थट्टा करत असता. ज्या रीतीने माणसे वाचत होती तिला मारेकरी ठरवले गेले, आणि ज्याने ती मोडली तो छत्रीखाली बसून राहिला.

मामाचे दिवस झाल्यावर मुकादम अड्ड्यावर आला. बैल चांगले आहेत, कंत्राटदार घ्यायला तयार आहेत, म्हणाला. मामी चुलीपुढून उठली नाही. तिथूनच म्हणाली, "बैल इकायचे न्हाईत. त्यांना कामावर जायचंय." दुसऱ्या दिवशी पहाटे ती स्वतः कासरा धरून मोऱ्या-पवळ्याला पुलाच्या पायथ्याशी घेऊन गेली. डोक्यावरून पदर, पायात काही नाही, शेजारून जाणारे वळून वळून बघत होते. सगळ्यात पुढे दगडूची गाडी होती. या खेपेला तो 'नगं' म्हणाला नाही. चार बैलांनी गाडी वर गेली. मग दगडूने टेकू लावला, चाकाखाली दगड घातला, आणि छत्रीसमोरून आपले बैल सोडून खाली वळवले. मुकादम ओरडला, "दगड्या! नाव लिहितो तुझं!" "लिवा की. पयलं लिवा. मागनं लई येत्यात." आणि खरेच आले. त्या सकाळी एकामागून एक जोड्या पुलावरून उलट्या उतरत होत्या, आणि मामी कठड्याला टेकून पाहत होती. सगळ्यांनाच काढले तर कापूस वाहायचा कोणी? कंत्राटदार गप्प बसला.

गप्प बसला, पण स्वस्थ बसला नाही. आता एक अर्ज फिरतो आहे. उलट उतरणाऱ्या बैलांमुळे सभ्य लोकांच्या रहदारीस अडथळा होतो, तरी पोलिसांनी ही चाल बंद करावी, असा मजकूर आहे. जे हुकमाने जमले नाही ते तुमच्या सह्यांनी करून घ्यायचे आहे. आमच्या चाळीतही तो आला. शेजारचे तात्या, कचेरीत कारकून, सज्जन माणूस, मामा गेला तेव्हा आमच्याकडे डबा घेऊन आले होते, त्यांनी सही केली. मी विचारले तेव्हा चष्मा पुसत म्हणाले, "अरे, मला रोज उशीर होतो रे. साहेब बोलतो. त्यात तुझ्या मामाचा काय संबंध?" मी त्यांना हे सगळे सांगितले, जसे आत्ता तुम्हाला सांगितले. मग त्यांनी कोट चढवला आणि अर्ज कोणाकडे आहे ते विचारत जिना उतरून गेले.

मामाचा फोटो नाही. त्याला अक्षर येत नव्हते, त्यामुळे हातचे लिहिलेलेही काही नाही. तो जिथे आहे ती जागा मी सांगतो. भायखळ्याच्या पुलावर, कामाची वेळ सुरू होताना, भरल्या गाड्यांच्या ओळीच्या कडेने मोकळी जोडी घेऊन खाली चाललेला कोणीही गाडीवान पाहा.

तो अर्ज तुमच्या दारी आला तर सही करू नका. केली असेल तर तात्यांसारखे जाऊन ती खोडून या. आणि तुमच्या बग्गीसमोर ती जोडी आली तर कोचमनला लगाम ओढायला सांगा. खाली कोणीतरी तिची वाट पाहत असतो. तिला वाट द्या.