भैरवाच्या प्रसादापायी

कॉलेजने मला एका सेमिस्टरसाठी निलंबित केलं आणि उज्जैनमध्ये माझी इज्जत वाढली. हे कसं झालं ते सांगते.

पुण्याला हॉस्टेलच्या माझ्या खोलीत दोन वस्तू सापडल्या. व्होडकाची बाटली, अर्धी. गांजाची पुडी, तीही अर्धीच. दोन्ही माझ्या. रूममेटचा काही संबंध नव्हता, ती बिचारी हळदीचं दूध पिऊन झोपणारी मुलगी. समितीने पंधरा मिनिटांत माझा निकाल लावला. घरी जो ईमेल गेला तो मात्र अगदी सभ्य इंग्रजीत होता: विद्यार्थिनीच्या ताब्यात एक मद्य आणि एक अमली पदार्थ आढळला. कोणतं मद्य, कोणता पदार्थ, काही नाही.

बाबांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला आणि आईला म्हणाले, "अगं, हे दोन्ही तर मीच दिलं होतं."

त्याचं असं आहे की आमच्या घरातून कुणी परीक्षेला निघालं की बाबा काळभैरवाला दारूची बाटली चढवतात. तिथे ते रोजचंच आहे. पुजारी थोडी बशीत ओततात, देवाच्या ओठांना लावतात आणि उरलेली बाटली प्रसाद म्हणून परत देतात. आमच्याकडे कुणी पीत नाही. तो प्रसाद तीर्थासारखा चमच्याने घ्यायचा, आणि मग बाटली फोडणीच्या तेलाशेजारी महिनोन् महिने उभी. शिवरात्रीच्या भांगेच्या गोळीचंही तेच, ती होमिओपॅथीच्या रिकाम्या डबीत. मी पुण्याला निघाले तेव्हा बाबांनी दोन्ही पेपरात गुंडाळून, सुतळी बांधून माझ्या बॅगेच्या तळाशी ठेवलं होतं. वर चिठ्ठी: 'पेपरच्या दिवशी एक चमचा.' जगात दुसरीकडे याला दारू आणि नशा म्हणतात, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. उज्जैनच्या माणसाच्या येतही नाही.

तो प्रसाद मी पहिल्याच आठवड्यात तीन मैत्रिणींबरोबर कोल्ड्रिंकमध्ये घालून संपवला. गोळीसुद्धा. त्यानंतरची सगळी माझी स्वतःची कर्तबगारी.

घरी परतले तर स्टेशनवर बाबा हार घेऊन उभे नव्हते इतकंच. माझ्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाले, "चूक माझी झाली, बेटा." मी काय बोलले? काही नाही. प्रवासाने थकले होते. मग पुढचे तीन महिने थकलेलीच राहिले.

तेवढ्या दिवसांत बाबांनी अख्खं माधव नगर पालथं घातलं. ज्याच्या त्याच्या घरी जाऊन सांगायचे की पोरीला भैरवाच्या प्रसादावरून काढलं. लोक हळहळले. शेजारचे वकीलसाहेब म्हणाले, "बेटी के साथ घोर अन्याय हुआ है," आणि फुकटात नोटीस पाठवतो म्हणाले. कोपऱ्यावरच्या काकूंनी श्रीखंड पाठवलं. पुण्याची माणसं मुळातच नास्तिक, असं महिला मंडळात एकमताने ठरलं. मुलीची जात, त्यामुळे दुसरी शंका कुणाला आलीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा मुलगी असण्याचा फायदा झाला, तो हा. श्रीखंड मी खाल्लं. चांगलं होतं.

आई मात्र वाढताना माझ्या तोंडाकडे बघायची, आणि मी ताटाकडे.

मग परत प्रवेश घ्यायची वेळ आली. कॉलेजला पालकांच्या सहीचा खुलासा हवा होता. तो नाही तर प्रवेश नाही, साधी गोष्ट. आता, बाबा तीस वर्षं सिंचाई विभागात बाबू होते आणि कॉलनीतले सगळे अर्ज आजही तेच लिहून देतात. कच्चा मसुदा पेन्सिलीने, पक्का निळ्या पेनाने, सही काळ्याने. पण खोटं एक अक्षर लिहीत नाहीत. सख्ख्या मेव्हण्याने रहिवासाच्या अर्जात दोन वर्षं जास्तीची लिहून मागितली, तर त्याला चहा पाजून परत पाठवला. मामा अजून रुसलेला आहे.

दुपारी कूलरपुढे बसून त्यांनी मला मसुदा वाचून दाखवला. "सदर दोन्ही पदार्थ मी स्वतः धार्मिक भावनेने मुलीच्या सामानात ठेवले. मुलगी निर्दोष आहे." सहीचा कागद आणि त्याची टाइप केलेली प्रत, दोन्ही पाठवायचं, टाइप मी करायचं, असं ठरलं होतं. मी गप्प बसले असते तर पंधरा दिवसांत कॉलेजात असते. बोलले तर हा माणूस सही करेल का, याची मला मुळीच खात्री नव्हती. त्यांनी काळ्या पेनाचं टोपण काढलं.

मी म्हटलं, "बाबा, ते तुमचं नव्हतं. तुमचं आम्ही पिऊन टाकलं होतं. सापडलं ते माझं, मी विकत आणलेलं."

त्यांनी पेनाला टोपण परत लावलं. मग विचारलं, "पेपरच्या दिवशी चमचाभर तरी घेतलास का?"

"नाही. तोवर उरलंच नव्हतं."

मला इतकी लाज वाटली की वाटलं, यांनी ओरडावं, एक थोबाडीत द्यावी, काहीतरी करावं. त्यांनी मसुदा फाडला आणि दुसरा लिहायला घेतला. पेन्सिल नाही, थेट निळं पेन. 'माझी मुलगी दारू पीत होती व गांजा ओढत होती. मला माहीत नव्हतं. तिने आज स्वतः सांगितलं. तिला परत घ्यावं, ही विनंती.' सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. चारच वाक्यं, पण दुसरं टाइप करायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. अक्षरंच दिसेनात.

मला वाटलं, झालं, संपलं. कसलं काय. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बाबा चपला घालून म्हणाले, "चल."

ज्या ज्या घरी सांगून आले होते, त्या त्या घरी गेलो. आत जायची माझी हिंमत नव्हती, मी फाटकापाशी थांबायचे. आतून प्रत्येक ठिकाणी एकच ऐकू यायचं: मी तुम्हाला चुकीची माहिती दिली होती. प्रसादाचा काही संबंध नाही, पोरगी पीत होती. चहा कुठे घेतला नाही. वकीलसाहेब बाहेर सोडायला आले ते माझ्याकडे न बघताच आत गेले.

सगळ्यात शेवटी काकूंचं घर. मे महिन्याचं ऊन, आणि त्यांच्या फाटकाला सावली नाही. बाबांचं बोलून झालं. काकूंनी हळू आवाजात विचारलं, "अहो, मग आता पोरीचं काय करणार?"

"ती बाहेर उन्हात उभी आहे," बाबा म्हणाले. "तिला आत बोलवा."